मागची सीट

कोणत्या गावात कोणते काम चारचौघांत करू नये, एवढे माणसाला कळले पाहिजे. पैठणला जाऊन भर वेशीत हातमाग मांडू नये. पंढरपूरच्या वाळवंटात उभे राहून अभंगाला नवी चाल लावू नये. आणि वाळूजच्या बजाजनगरात राहत असाल तर घरासमोर गाडी उघडून तिच्या शेजारी आडवे होऊ नये. यातल्या पहिल्या दोन चुका मी केलेल्या नाहीत. विणकाम मला येत नाही आणि माझ्या गळ्याबद्दल घरात एकमत आहे. तिसरी मात्र मी केली, आणि ती पहिल्या पाळीच्या साक्षीने केली.

बजाजनगर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. औरंगाबादहून (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणायचे, पण जुन्या गोष्टी सांगताना जिभेवर जुने नाव येते) नगरच्या रस्त्याला लागले, छावणी ओलांडली की पुढे वाळूजची औद्योगिक वसाहत येते. १९८५ च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते इथे बजाजच्या कारखान्याचे उद्घाटन झाले आणि जिथे ज्वारी-बाजरी पिकत होती तिथे दुचाक्या-तीनचाक्या पिकू लागल्या. त्यांच्यामागोमाग त्यांचे सुटे भाग करणारे कारखाने आले, कारखान्यांमागोमाग माणसे आली, आणि त्या माणसांना राहायला जी वस्ती झाली ते आमचे बजाजनगर.

या वस्तीत जो तो कशाचा तरी जाणकार असतो. समोरचे नाना टूलरूममध्ये. डावीकडचे आण्णा क्वालिटीत. मागच्या गल्लीत एक वेल्डर, एक टर्नर, आणि एक गृहस्थ असे की नुसते बोट फिरवून पृष्ठभाग किती खरबरीत आहे ते सांगतात; त्यांच्या घरी जेवायला गेलो की ताटाच्या कडेवरून त्यांचे बोट फिरताना पाहून माझा घास अडतो. इथल्या लहान मुलाच्या हाती खुळखुळा दिला तर ते वाजवण्याआधी तो कुठून उघडतो ते पाहते. त्यातून एक आणखी गंमत. १९८५ सालीच औरंगाबादेत अॅल्युमिनियमच्या ओतकामाने सुरू झालेली एन्ड्युरन्स ही कंपनी पुढे दुचाक्यांचे शॉक अॅब्सॉर्बरही करू लागली. म्हणजे धक्के जिरवण्याची विद्या अक्षरशः आमच्या वाऱ्यात होती.

आणि या सगळ्यांत मी हिशेब खात्यात! नट-बोल्ट मला ठाऊक होते, पण कागदावर. बारा नंबरचा पाना आणि चौदा नंबरचा पाना यांच्या दरातला फरक मी झोपेत सांगितला असता. हातात घेऊन मात्र ओळखता आला नसता.

गाडी आमची जुनी मारुती ८००. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत तिच्यात जास्तीत जास्त किती माणसे मावतात याचे प्रयोग मध्यमवर्गाने ज्या चिकाटीने केले, ती चिकाटी शास्त्रज्ञांनाही साधली नसेल. आमची गाडी मी २००१ साली दुसऱ्याकडून घेतली. त्या आधी त्या कुटुंबाने आपले प्रयोग संपवले होते.

२००६ साली आई गावाहून आमच्याकडे राहायला आली. पाठीचे मणके झिजलेले. महिन्यातून एकदा तिला शहरात हाडांच्या डॉक्टरांकडे न्यावे लागे. मी गाडी चालवायचा, बायको शेजारी, आई मागे. पुढे बसायला ती तयार नसे. "पुढं बसलं की समोरच्या गाड्या अंगावर येत्यात," म्हणायची. मागे बसली की एका हाताने दारावरची मूठ धरायची, आणि दुसऱ्या हातात रुमाल, रुमालात लिंबू.

"आई, लिंबू कशाला?"

"असूं दे. गाडीला नजर नगं लागाया."

आमच्या गाडीत नजर लागण्यासारखे काही शिल्लक नव्हते, पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कशाला घाला? मी आरशात तिच्याकडे पाहायचो. ती डोळे मिटून बसलेली असायची. मला वाटायचे, गाडी चालवावी तर आपण. माणसाला झोप लागते.

एका महिन्यात माझा मेहुणा आला होता. तो म्हणाला, "दाजी, आज मी चालवतो, तुम्ही आराम करा." मोठ्या मनाने मी मागे आईशेजारी बसलो. आपण घेतलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर आपण पाच वर्षांत एकदाही बसलो नाही, हे तेव्हा ध्यानात आले. 

आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता तिचे हे सगळे लहरी वागणे इमानाने वर दाखवतो. गल्लीतून बाहेर पडतो न पडतो तोच पहिला खड्डा आला. खड्डा गेला, पण धक्का जाईना. गाडीचा मागचा भाग वर उचलला गेला, खाली आला, परत वर गेला, परत खाली, आणि प्रत्येक खेपेला माझे पोट अर्धा क्षण उशिराने त्याच्यामागे जात होते. तो हेलकावा संपायच्या आत दुसरा खड्डा आला आणि पहिल्याच्या शिल्लकीत दुसऱ्याची भर पडली. हिशेब खात्यातला माणूस म्हणून सांगतो, ते चक्रवाढ व्याज होते. नगर नाक्यापर्यंत मी तीनदा छताला लागलो. पुढे मेहुणा आणि बायको निवांत गप्पा मारीत होते. त्यांच्या गावीही नव्हते.

मी आईकडे पाहिले. डोळे मिटलेले होते, पण ती झोपलेली नव्हती. मूठ धरलेल्या हाताच्या शिरा ताठ झाल्या होत्या. दुसऱ्या हाताने लिंबू नाकाशी धरले होते आणि ती ते नखाने हळूहळू खरवडून हुंगत होती.

"आई, मळमळतंय का गं?"

"न्हाई रं बाबा. गाडी म्हणल्यावर हलायचीच. न हलंल तर ती गाडी कशाची?"

महिन्याला एक याप्रमाणे सात फेऱ्या झाल्या होत्या. जाऊन-येऊन चौदा. मी मनात तेवढा हिशेब केला आणि बाबा पेट्रोल पंपापर्यंत कोणाशी बोललो नाही.

संध्याकाळी नाना गेटाशी उभे होते. त्यांना सांगितले. ते काही न बोलता गाडीच्या मागे गेले, डिकीवर दोन्ही हात ठेवून सगळा भार टाकला आणि एकदम हात काढून घेतले. चांगली गाडी असते ती एकदा वर येते आणि गप्प बसते. आमच्या गाडीने किती तरी वेळ मान डोलावली, एखाद्या होयबा कारकुनासारखी.

"शॉकप गेले साहेब. दोन्ही."

शॉकप म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर. गॅरेजात त्याला कोणी पूर्ण नावाने हाक मारीत नाही. पाठ्यपुस्तकातला शब्द 'धक्काशोषक'. तो ऐकला की गुरांच्या अंगावरचा एखादा किडा डोळ्यांपुढे येतो. नानांनी खाली वाकून बॅटरी मारली. नळकांड्याच्या अंगावर तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचे पुट. "तेल बाहेर आलं की संपलं त्याचं."

"म्हणजे आता धक्के कोणी शोषत नाही?"

"धक्का शॉकप शोषतच नसतो," नाना म्हणाले. "नाव चुकीचं ठेवलंय. धक्का खाते स्प्रिंग. पण स्प्रिंग अशी चीज आहे की खाल्लेलं सगळं परत करते. दाबली की उसळणार, उसळली की परत दबणार. तिला आवरायला शॉकप. आत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं. स्प्रिंग उसळायला गेली की त्या तेलाला भोकांतून मुकाट जावं लागतं. तिथे तिची मस्ती जिरते आणि उष्णता होते. खराब रस्त्यावर लांब जाऊन आलात की चांगल्या शॉकपला हात लावून पाहा, गरम लागतो."

ही मस्ती जिरवण्याची अक्कल माणसाला एकदम आली नाही. मोटारी नव्या होत्या तेव्हा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, त्रुफो नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने चकत्या एकमेकींवर घासून हे काम करायची तऱ्हा काढली होती. तेलाची नळकांडी मागून आली. आमच्या गावाकडे मात्र ही अक्कल फार जुनी असावी. आई लग्न होऊन दमणीतून सासरी आली, तेव्हा बैलांच्या त्या गाडीला स्प्रिंग नव्हती. खाली कडब्याचा जाड थर आणि वर घोंगडी. कडबा दबतो, पण उसळत नाही. घेतलेला धक्का परत करीत नाही. म्हणजे आईच्या दमणीला शॉकप होते, स्प्रिंगा नव्हत्या. आणि पन्नास वर्षांनी मुलाने तिला जिच्यात बसवले तिला स्प्रिंगा होत्या, शॉकप नव्हते.

गॅरेजवाल्याने जी मजुरी सांगितली तो आकडा मी इथे लिहीत नाही. आज तो वाचून तुम्हाला स्वस्त वाटेल आणि माझी बाजू लंगडी पडेल. पण खरे सांगायचे तर प्रश्न मजुरीचा नव्हता. सात महिने मी आरशात पाहून तिला झोप लागली असे समजत होतो. ते काम पैसे टाकून दुसऱ्याकडून करून घ्यावे असे मला वाटेना. बायकोला मी एवढेच म्हणालो, "घरीच बसवतो. दोन-दोन तर नट आहेत."

"अहो, गेल्या दिवाळीत तुम्ही ट्यूबलाइट बसवली होती," ती म्हणाली. तिला पुढे काही बोलायची गरज नव्हती.

शहरात जाऊन सुटे भाग आणले. मी एकच मागत होतो, कारण तेलाचा ओघळ मला एकावरच दिसला होता. दुकानदाराने माझ्याकडे दयेने पाहिले. "जोडीनं घ्यावे लागतात काका. एक नवा, एक जुना बसवला तर गाडी वळणावर एका अंगाला जाईल." जोडीचा हा कायदा बैलांना आहे, चपलांना आहे, शॉकपलाही आहे हे मला तिथे कळले. सोबत रबरी बुश, वायसर आणि नट घेतले.

घरी आल्यावर नवे शॉकप जेवणाच्या टेबलावर ठेवले. त्यातला एक पट्टी बांधून आखूड केलेला होता. मी पट्टी कापली, आणि त्या नळकांड्यातून चकचकीत दांडा आपला आपण, सावकाश, कोणीही न सांगता बाहेर येऊ लागला. बायको चमचा हातात घेऊन मागे सरकली. आत दाबाने भरलेला वायू असतो, तो ढकलतो, हे मी तिला समजावून सांगितले, पण ते मलाही दांडा पूर्ण बाहेर येऊन थांबल्यावरच सुचले.

बसवण्याआधी शॉकप उभा धरून चार-पाच वेळा दाबायचा आणि ओढायचा, म्हणजे आडवा पडून आत तेलात अडकलेली हवा सुटते, असे नानांनी बजावले होते. मी तसे करीत होतो. आई पाहत होती.

"आण हिकडं," ती म्हणाली. तिने नवा शॉकप जमिनीवर टेकवून दोन्ही हातांनी दाबला. तो जाता जाईना. गेला तो कुरकुरत, जड जड गेला. "ह्यो अडून बसतोय की रं!" तिला ते आवडलेले दिसले. पुढे जुने निघाले तेव्हाही तिने त्यातला एक मागून घेतला. तो दाबला तर भस्सकन आत, ओढला तर भस्सकन बाहेर. हवा निघून गेलेल्या सायकलच्या पंपासारखा. आईने तो दोन-तीनदा वर-खाली केला. "ह्यो काईच म्हणत न्हाई," ती म्हणाली आणि बाजूला ठेवून दिला.

कामाचा दिवस मी फार विचार करून निवडला होता. आमच्या कंपनीला सुट्टी आणि बाकीच्यांना कामाचा दिवस, असा. सकाळी आठला सुरुवात, दुपारी बाराला शेवट, पहिली पाळी सुटून माणसे गल्लीत यायच्या आत हात धुऊन मी पेपर वाचत बसलेला. बायको म्हणाली, "नाना आल्यावर करा." मी म्हणालो, "नानांना कशाला त्रास?" माणूस दुसऱ्याला त्रास नको म्हणतो तेव्हा त्याला बहुधा साक्षीदार नको असतात.

आदल्या रात्री नटांना रॉकेल पाजून ठेवले होते. सकाळी हँडब्रेक करकचून ओढला, जॅक लावला, आणि मागचा उजवा कोपरा वर उचलू लागलो. आई गेटात खुर्ची टाकून बसली होती. हातात काठी. तिची नेमणूक कोणी केली नव्हती.

तेवढ्यात आण्णा निघाले. त्यांची दुसरी पाळी होती. क्वालिटीतला माणूस दोष दिसला की पुढे जाऊ शकत नाही. ते थांबले.

"काय करू राहिले साहेब? पुढच्या चाकांना दगड कुठंय?"

"हँडब्रेक ओढलाय ना."

"हँडब्रेक कोणत्या चाकांना धरतो?"

"..."

"मागच्या. आणि तुम्ही उचलू काय राहिले?"

"मागची."

"मंग?"

आयुष्यात इतके छोटे आणि इतके पूर्ण असे लेखापरीक्षण माझे कधी झाले नव्हते. आण्णांनी स्वतः दोन मोठे दगड आणून पुढच्या चाकांना अटकावले, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायला लावली. मग काढलेले चाक आणि डिकीतली स्टेपनी, दोन्ही गाडीच्या अंगाखाली आडवी सारायला लावली. "जॅकवर भरवसा नाही ठेवायचा. जॅक फक्त उचलायला. धरायला दुसरं काहीतरी पाहिजे. आणि अंग आत घालायचं नाही, नुसता हात."

ते गेले. उजवीकडचा जुना शॉकप निघायला मला दोन तास लागले. खालचा बोल्ट सरळ माणसासारखा होता. शिव्या खाऊन का होईना, निघाला. वरचा नट डिकीच्या बाजूने, आणि तो वेगळ्या जातीचा. पाना फिरवला की नट फिरतो, पण नटाबरोबर आतला दांडाही फिरतो. मी अर्धा तास फिरवत होतो आणि प्रगती होते आहे असे समजत होतो. फायलीही अशाच फिरतात, त्यामुळे मला संशय आला नाही.

दांड्याच्या टोकाला चपटे खाच असतात, ते लहान पान्याने धरून मग नट फिरवायचा, हा शोध मला लागला तेव्हा अकरा वाजले होते. दीडपर्यंत उजवीकडचा नवा बसला. जेवायला घरात गेलो ते विजयी मुद्रेने.

डावीकडे जॅक लावला आणि तिथे खाली फरशी संपून माती होती. गल्लीत आदल्या दिवशी पाण्याचा टँकर आला होता आणि माती ओली. जॅकखाली फळी घालावी हे मला सुचले नाही, आणि सुचवायला आण्णा नव्हते. चाक काढले. दोन्ही चाके गाडीखाली सारायची आठवण मात्र झाली, खरे तर मला कंटाळा आला होता, पण आई काठीने चाकाकडे खूण करून म्हणाली, "त्यो मघाशी सांगून गेला न्हाई का? घाल." घातली. मग खालचा बोल्ट दिसेना म्हणून मी मान आत घालायला वाकलो.

"ए!" आई ओरडली. "हात म्हणला व्हता त्यो. मुंडकं न्हाई."

मी चिडून मान बाहेर काढली. दोन शब्द बोलणारही होतो. त्याच वेळी जॅक त्या काळ्या मातीत एका अंगाने शांतपणे आत गेला, तिरपा झाला आणि निसटला. गाडी खाली आली. धप्प असा एक आवाज झाला. ती दोन्ही चाकांवर टेकली होती. माझी मान जिथे होती तिथे, चाके मध्ये नसती तर, गाडीचा तळ आला असता.

कोणी काही बोलले नाही. मी तसाच जमिनीवर बसलो होतो. आई खुर्चीतून उठली, पाठ दुखत असताना उठली, घरात गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. पाणी माझ्यापुढे धरताना तांब्या हलत होता. तिचा हात की माझा, ते ठरवता आले नाही.

साडेतीनच्या पुढे पहिली पाळी सुटली. कंपन्यांच्या बसेस चौकात लागल्या आणि माणसे गल्लीत शिरली. मी ज्याला सकाळपासून भीत होतो ते दृश्य तयार होते: एका अंगावर बसलेली गाडी, शेजारी काळानिळा झालेला हिशेबनीस. पण हसले कोणी नाही. डबे खाली ठेवून माणसे गोल उभी राहिली, आणि चिखलात गेलेला जॅक पाहून दोघे-तिघे एकदम गप्प झाले. त्यांच्या रोजच्या कामात अशा चुकीची किंमत बोटांत मोजतात.

नानांनी पिशवी ठेवली, घरातून लोखंडी घोड्या आणल्या आणि फळी घालून गाडी नीट उचलून त्यांवर बसवली. मग एक गंमत पाहिली. डावीकडचा वरचा नट गंजून एकजीव झाला होता. नानांनी जुन्या शॉकपचा दांडा खुशाल पाइप पान्यात पकडला आणि दोन झटक्यांत नट काढला. मी नवा बसवताना तोच पाना उचलला, तर चार माणसे एकदम ओरडली. "जुन्याला कुठंही धरा. नव्याच्या दांड्याला दात लागले तर सील कापलं जाईल, महिन्यात तेल बाहेर!" मी पाना असा ठेवला की जणू तो पेटलेला होता.

बाकीचे काम मी केले असे म्हणायला हरकत नाही. पाना माझ्या हातात होता आणि हात किती फिरवायचा ते सहा जण सांगत होते. त्यांच्यात मतभेदही झाले. वायसर आधी की बुश आधी यावर वेल्डर आणि टर्नर यांच्यात जी चर्चा झाली ती द्वैत-अद्वैताच्या पातळीवर गेली असती, पण नानांनी जुना शॉकप उचलून त्यावरचा क्रम दाखवला.

खालचे बोल्ट मी गच्च आवळून टाकले आणि उभा राहिलो. तर दुसरी पाळी अर्धी टाकून की काय कोण जाणे, आण्णा हजर! (अर्ध्या दिवसाची रजा होती म्हणे. मला अजून वाटते की त्यांना ते दगड स्वस्थ बसू देत नव्हते.) "हवेत आवळले का? सैल करा." मी सैल केले. "आता गाडी चाकांवर उतरवा. हं, आता आवळा." बुशचे रबर असते, गाडी हवेत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर ते कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते, हे त्यांनी समजावून दिले. मी ते मान हलवून ऐकले. नंतर नानांनी डिकीवर भार टाकून हात काढला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. गल्लीत टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. आण्णा म्हणाले, "ओके," आणि क्वालिटीवाल्याच्या तोंडून तो शब्द मोफत निघत नाही. बायकोने बावीस कप चहा केला. तो हिशेब माझ्याकडे आहे.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांची फेरी आली. आई मागे, मूठ धरून, रुमाल घेऊन. या वेळी बायकोला गाडी चालवायला दिली आणि मी मागे बसलो. गल्लीतला खड्डा आला. एकदा दणका बसला, चांगला पाठीत बसला, आणि संपला. पुढचा आला, तोही एकदाच. नवे शॉकप कडक असतात. जुन्यांसारखे झुलवत नाहीत, जे असेल ते तोंडावर सांगतात.

"कशी वाटते आई?"

"पयली बरी व्हती," आई म्हणाली. "पाळण्यावानी झुलायची. आता खड्डा खड्डा कळतोय."

मी गप्प बसलो. काय बोलणार? पुढे आरशात बायकोचे डोळे हसताना दिसले. छावणीपाशी आईने मूठ सोडून हात मांडीवर ठेवला. नगर नाक्याला ती बाहेर बघत होती. दवाखान्यापाशी उतरताना तिने माझ्या खांद्याला धरले आणि म्हणाली, "त्या आण्णाला एकदा जेवाया बोलीव."

घरी परत आल्यावर मी गाडी पुसायला मागचे दार उघडले. सीटच्या फटीत रुमाल पडला होता आणि त्यात लिंबू. त्यावर नखाचा एकही ओरखडा नव्हता. बायकोने ते रात्री पोह्यांवर पिळले.